उपसा

…नळीतलं पाणी काही पिवळं होईना. जयरामने करंगळीएवढी ती काचेची नळी बूच लावून पुन्हा एकदा हलवली, सदऱ्याची पांढरी बाही मागे धरली – पांढऱ्यावर रंग चटकन कळतो – आणि डोळे बारीक करून पाहिलं. पाणी पाण्यासारखंच. बाटलीतल्या औषधाचे थेंब पडले, की पाण्यात पावडरीचा अंश असला तर ते हळदीचं बोट बुडवल्यासारखं पिवळं होतं, नसला तर होत नाही. इतका सरळ मामला. आणि काल संध्याकाळी याच विहिरीत त्याने स्वतःच्या हाताने ब्लीचिंग पावडर कालवून सोडली होती, बादली तळापर्यंत नेऊन वरखाली घुसळली होती, कोपरापर्यंत हात पांढरे करून घेतले होते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण त्याला आठवली आणि म्हणीचाच राग आला. या लोकांना शहाणपणसुद्धा विहिरीच्या काठावर बसून सुचलेलं, आणि तो काठ कोणाला मोकळा होता नि कोणाला नाही, हे म्हणीत कुठे आलेलं नाही.

मग त्याला दिसलं. काठाभोवतीचा चिखल ताजा होता. पिंपळाच्या पाराला टेकून हातगाडी उभी होती, तिच्यावर ताडपत्रीखाली डिझेलचा पंप. विहिरीपासून गटारापर्यंत गेलेल्या ओघळावर पांढरट साय धरली होती – त्याच्या पावडरीची. विहीर उपसली होती. साथ चालू असताना, आळीतली माणसं साथीच्या वॉर्डात सलाईनवर असताना, या शहाण्यांनी पंप आणून औषधाचं पाणी रातोरात गटारात सोडलं होतं, आणि आता रिकाम्या विहिरीत झरे भरत होते… झरे कसले! एका अंगाला गटार आणि मध्ये चुना सुटलेले दगड. तिथून जे झिरपतं त्याला झरा म्हणायचं तर घुशीला गाय म्हणायला काय हरकत आहे?

इंडोनेशियाच्या कुठल्याशा बेटावरून निघालेली पटकी देश ओलांडत, बंदरं ओलांडत, वर्षानुवर्षं चालत नाशिकपर्यंत आली होती. ट्रेनिंगमध्ये त्याला नकाशावर काठीने दाखवलं होतं, बाण असे, बाण तसे. आख्खं जग एका रोगाशी झगडतंय, असं तेव्हा त्या साहेबांनी सांगितलं होतं, आणि कोवळ्या वयाच्या जयरामला ते ऐकून अंगावर काटा आला होता. जग म्हणे! जग इथे या आळीत येऊन पोचलं होतं, आणि आळीने त्याला पंप लावून उपसून टाकलं होतं.

कारभारी आण्णा तोंडातली मशेरी थुंकून आले. आळीत त्यांचा शब्द चालायचा. का चालायचा हे कोणालाच सांगता आलं नसतं, पण चालायचा. त्यांनी नमस्कार केला, तोही दोन्ही हात जोडून, आणि बायका कशा कुरकुरल्या, देवाला घालायच्या पाण्याला कसला तो वास, चहासुद्धा तोंडात धरवेना, म्हणून पोरांनी रात्री उपसली, त्यात तुमचा अवमान करायचा हेतू नव्हता, हे सगळं गोड आवाजात सांगितलं. अवमान हा शब्द त्यांनी स्वतःच काढला. जयरामने तर तोंडही उघडलं नव्हतं.

“रावसाहेब, तुम्ही कशाला स्वतः हात घालता?” आण्णा म्हणाले. “तुमचा हुद्दा काय, हे काम काय. पावडर तुमच्या त्या पुंजारामाकडे द्या. तो टाकेल.”

हुद्दा! जयरामला हसू आलं, ते त्याने गिळलं. पूर्वी हे लोक सरळ ‘लांब हो’ म्हणायचे, तेव्हा निदान चिडायची तरी सोय होती. आता तेच शाल घालून, नारळ देऊन सांगतात. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही – आणि या सुंभाला अजून जळकं कोणी म्हणायलाही तयार नाही. वास म्हणे. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी गटाराच्या कडेला बसून पंगती उठवल्या, ज्यांच्या दारात सकाळी पोरं रांगेने बसतात, त्यांच्या नाकाला पावडरीचा वास सोसेना! नाकं तरी केवढी नाजूक. आणि पलीकडच्या आळीत, जिथे पावडर पुंजारामने टाकली होती, तिथल्या नाकांना काही झालं नव्हतं. ते पाणी तिथे गपगुमान प्यालं जात होतं.

…की तिथली नाकं वेगळी होती? असेलही. हाच तर घोळ होता. जयरामला नक्की काही कळत नव्हतं, आणि नक्की कळत नाही याचाच त्याला जास्त संताप यायचा. वास, की मी? गेली कित्येक वर्षं तो हाच एक प्रश्न सायकलच्या कॅरिअरला बांधून गावभर फिरत होता.

नळीत भरायला पाणी चंद्रभागाबाईंनी काढून दिलं होतं. विहिरीला लागूनच त्यांचं दार. सून लता परवापासून वॉर्डात, तिला सातवा महिना. म्हातारीने पोहरा वर घेतला, तांब्या भरला, आणि जयरामने नळी पुढे केली तशी वरून, चांगली वीतभर उंचीवरून, धार धरली. एवढ्याशा तोंडाची नळी, पण त्याच्या बोटांवर शिंतोडासुद्धा नाही. काय नेमकी धार! असं कसब एका जन्मात येत नाही… नवसाबाई, त्याची आई, गावच्या विहिरीपासून लांब, बाभळीखाली घागर ठेवून बसायची. कोणाच्या मनात आलं की येऊन वरून ओतायचं. तहान लागली तर आई दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरायची, आणि वरून धार यायची, अशीच नेमकी. आणि आई प्यायची ती डोळे मिटून. लहानपणी त्याला वाटायचं, पाणी गोड लागतं म्हणून मिटते.

पण नळीचं तोंड बारीक होतं. कोणीही झालं तरी वरूनच ओतलं असतं. असतं का?

मरा, असं त्याच्या मनात आलं. अगदी स्पष्ट, शुद्ध मराठीत. तुमचं गटार तुम्हीच प्या आणि मरा. मी शेरा मारतो की औषध टाकलं, माझं काम झालं, वर विचारणारं कोण आहे? तो शब्द मनात घोळवताना जिभेला चिंच लागावी तशी मजा आली, आणि ती मजा त्याने ताबडतोब ओळखली, कारण स्वतःला पकडण्यात तो पटाईत होता. लता मरायची नव्हती, तिला सलाईन मिळत होतं. मरणार होतं ते अजून आजारी न पडलेलं कोणीतरी, जे आज दुपारी इथून घागर भरून नेणार होतं. त्याला मरा म्हणायला त्याचं तोंड तरी कुठे पाहिलंय मी?

म्हणजे मार्ग दोनच. पुन्हा स्वतः टाकायची – मग ते पुन्हा उपसणार, गटार पुन्हा भरणार, माणसं पुन्हा वॉर्डात. नाहीतर पुंजारामाच्या हातात डबा द्यायचा – मग ते पाणी पिणार, जगणार, आणि कारभारी आण्णा मिशीतल्या मिशीत हसून मशेरी लावणार. त्याला खुर्चीवर बसवून सरकारने एवढीच निवड दिली होती: यांना वाचव नाहीतर स्वतः ताठ राहा. त्याचा मेहुणा काळू सातपूरला लेथवर होता, ग्रीसने माखलेल्या हातांनी चकाट्या पिटत जेवायला यायचा आणि म्हणायचा, “दाजी, मशीनला माणसाचा वास येत नाय. या तिकडं.” काळूला वाटायचं आपण फार खोल बोललो. पण हे त्याचं बोलणं जयरामच्या मनातून जात नव्हतं, म्हणून तो काळूलाही मनातल्या मनात मूर्ख ठरवायचा.

त्याने डबा पुंजारामाकडे दिला.

पुंजाराम त्याच्या हाताखालचा माणूस, वयाने मोठा, दिंडोरीकडून रोज एस.टी.ने येणारा. तो म्हणाला, “टाकतो की सायेब, त्यात काय हाय.” त्यात काय हाय! त्याला खरंच काही नव्हतं त्यात, हाच तर त्याचा गुन्हा. भला माणूस, भल्या माणसांइतकं चीड आणणारं दुसरं काही नसतं. विहिरीतलं पाणी आता अर्धंच होतं, त्या मानाने किती पावडर ते जयरामने सांगितलं, बादलीत नीट कालव, चुना खाली बसू दे, वरचंच पाणी सोड, हेही सांगितलं, आणि तो बाजूला झाला. आण्णा लगेच पुढे आले, दोराला हात लावू लागले, बायका दारातून पाहू लागल्या, कोणी पुंजारामाला बाबा म्हणालं, कोणी त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेलं. सगळा लग्नघरासारखा उत्साह. जयराम उभा होता. आणि मग त्याला जाणवलं, की तो पिंपळाच्या सावलीत जिथे जाऊन उभा राहिला होता ते अंतर त्याने मोजूनमापून निवडलेलं नव्हतं, पाय आपोआप तिथे गेले होते, आणि बाभळीखालची घागर विहिरीपासून जवळजवळ एवढीच लांब असायची. तो चार पावलं पुढे आला. पुढे येऊन आपण का आलो हे त्याला समजेना, म्हणून त्याने उगाचच पंपाची ताडपत्री सारखी केली.

ऑफिसात सगळं यथासांग चाललं होतं. मोठ्या साहेबांना पटकी हा शब्द आवडत नव्हता, ते जुलाब-उलट्या म्हणायचे, आणि तेसुद्धा रुमाल नाकाशी नेऊन. ‘पाणी उकळून प्या’ असं छापलेली पत्रकं भिंतींवर डकवायची होती. उकळून प्या! रॉकेलच्या रांगेत बाया अर्धा दिवस उभ्या, घरात एक स्टोव्ह, त्यावर भाकरी होणं मुश्कील, आणि हे म्हणतात उकळा; पुढच्या साथीला म्हणतील दुधाने हात धुवा. साहेबांनी त्या आळीच्या विहिरीचं काय झालं विचारलं. झालं, जयराम म्हणाला. लोकांचं सहकार्य आहे ना, असं साहेबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पंख्याखाली सरकले. जयरामने, आहे, असं त्यांच्या पाठीला सांगितलं.

दुपारी तो वॉर्डाकडे गेला. जायचं कारण नव्हतं, पण गेला. फिनेलच्या वासात लोखंडी खाटेवर लता पडली होती, डोळे खोल गेलेले, पोट तेवढं वर. बाहेरच्या बाकावर तिचा नवरा यादव बसला होता, चंद्रभागाबाईंचा मुलगा. साहेब आले म्हणून तो उठून उभा राहिला. बाळाचं काय ते डॉक्टर अजून सांगत नाहीत, म्हणाला. मग पंपाच्या पट्ट्याचा डाग लागलेला आपला तळवा पँटला पुसत हळू आवाजात म्हणाला,

“काल उपसायला मीही होतो, साहेब. आण्णा म्हणाले म्हणून.”

बायको इथे मरणाच्या दारात, आणि हा तिथे पंपाला हँडल मारत होता. जयरामला त्याची किळस आली. बोलायला खूप होतं. गटार, झिरपणारं पाणी, पोटातलं मूल, सगळं त्याच्या तोंडावर मारता आलं असतं. पण त्याने निराळंच विचारलं.

“का उपसली?”

यादवने वर पाहिलं. मग खाली पाहिलं. “वास…” एवढं म्हणून तो थांबला. त्याच्या त्या थांबण्यात काय होतं? लाज होती? की पुढे बोलायला काही नव्हतंच, वास म्हणजे वास? जयराम बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, नळीकडे पाहावं तसा. चेहऱ्याला काही रंग आला नाही.

संध्याकाळी सायकल आळीत वळली तेव्हा त्याने आधी पाहिला तो पंप. सकाळी त्याने सारखी केलेली ताडपत्री तशीच होती, ओघळ वाळला होता. उपसली नव्हती. काठावर बायकांची गर्दी होती, त्याला पाहून त्या थोड्या सरकल्या, एखाद्या साहेबासाठी सरकावं तितक्याच, किंवा त्याहून जराशा जास्त. पुंजाराम पारावर बसून कोणी दिलेली शेव खात होता.

चंद्रभागाबाईंनी पोहरा ओढला. नळी पुढे, वरून धार, बोटं कोरडी. जयरामने औषधाचे थेंब टाकले, बूच लावलं, हलवलं, बाही मागे धरली. आणि त्या क्षणी त्याच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून उभे आहोत, आणि मनात म्हणतो आहोत – होऊ नको. पिवळं होऊ नको.

होऊ नको… कारण नाही झालं, तर पुंजारामाच्या हातची पावडरही यांनी पंपाशिवाय कशीतरी टाळली असा अर्थ, आणि मग ते खरंच वासाचं प्रकरण ठरलं असतं. अडाणी, घाणेरडे, मूर्ख लोक, एवढंच. मूर्खांना माफ करता येतं. पण झालं तर? तर त्यांना वासाचं काही नव्हतं, जे होतं ते माझ्या हातांचं. एक माणूस, दिवसभर उन्हातून सायकल मारून, पाणी शुद्ध करायला आलेला, ज्याला त्यासाठी पगार मिळतो, सही आहे, शिक्का आहे, तो मनापासून इच्छितो आहे की विहीर गटारच राहावी… सकाळचा ‘मरा’ निदान रागातला होता. हा थंड डोक्याचा होता. आण्णांचा तिटकारा करता करता, मोठ्या साहेबांचा, यादवचा, त्या गोड बोलणाऱ्या सबंध आळीचा तिटकारा करता करता तो कुठे येऊन पोचला होता हे त्याला स्वच्छ दिसलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

पाणी पिवळं झालं. फिक्कट, पण पिवळं. शंका घ्यायला जागा नव्हती.

“बरोबर हाय ना सायेब?” पुंजाराम शेवेचे हात झटकत येऊन उभा राहिला. मग जवळ सरकून, त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाला, “म्या जरा कमीच टाकली. आपलं… वास नको म्हणून.”

जयरामने त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगतोय? की दिवसभर माझं तोंड पाहून याला समजलं, आणि हा माझ्या मनावर फुंकर घालतोय, बांधावरच्या म्हाताऱ्या माणसाच्या चांगुलपणाने? रंग फिक्कट होता खरा. पण विहिरीत दिवसभर पाणी भरत राहिलं, त्यानेही फिका होतो. फिक्कट पिवळ्याचा अर्थ पाणी प्यायला चांगलं, एवढाच ट्रेनिंगमध्ये शिकवला होता. बाकीचं त्या नळीत कधीच दिसणार नव्हतं. आणि ज्या तिटकाऱ्याला धरून तो सकाळपासून ताठ उभा होता, तोसुद्धा आता नीट हातात येईना. तोही म्हाताऱ्याने काढून घेतला, असं त्याला वाटलं, आणि त्याचा त्याला भयंकर राग आला.

“चांगलं आहे ना आता पाणी?” चंद्रभागाबाईंनी विचारलं.

“हो. प्यायला हरकत नाही.”

“मग घ्या ना घोटभर. सकाळपासून उन्हात आहात.”

त्या दारातून दुसरा तांब्या घेऊन आल्या, घासलेला, त्यावर फुलपात्र उपडं घातलेलं. जयरामच्या घशाला कोरड होती. या आळीत त्याने आजवर पाणी मागितलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं. म्हातारीने डाव्या हाताने फुलपात्र उचललं. सून वॉर्डात असलेल्या बाईचे थकलेले, लाल डोळे त्याच्याकडे पाहत होते, त्यात आदर होता की भीती की नुसतीच झोप, कोण जाणे. आणि मग त्या पाहता पाहता थांबल्या. त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावरून खाली गेली होती. जयरामने खाली पाहिलं.

त्याचे दोन्ही हात पुढे आले होते. ओंजळ झाली होती, बोटं बोटांना घट्ट चिकटवलेली, तळवे वर, कोपरं अंगाशी – नवसाबाईचे असायचे तसे. नळी खिशात कधी गेली ते त्याला आठवत नव्हतं. हात मागे घे, तो स्वतःला म्हणाला, फुलपात्र घे, बाई फुलपात्र देतेय… देत होती ना? तिने ते भरण्यासाठी उचललं होतं, की धार धरताना आड येऊ नये म्हणून बाजूला केलं होतं?

म्हातारी क्षणभर घुटमळली. मग फुलपात्र तिने पदराआड धरलं आणि तांब्या कलता केला.

धार बरोबर ओंजळीच्या मधोमध पडली. गार होती. पावडरीचा वास येत होता, अगदी थोडा, पण येत होता. बायका पाहत होत्या, पुंजाराम पाहत होता, आण्णा पारावरून पाहत होते. ओंजळ आधी झाली की तांब्या आधी कलला, हे जयराम आठवू पाहत होता, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी त्याला आधी आपलेच हात दिसत होते. पाणी भरून बोटांच्या फटींतून गळू लागलं, तेव्हा त्याने मान खाली घातली. तो डोळे उघडे ठेवून प्यायला.